चाळीस पळा, वीस थांबा

आमच्या शाळेच्या मैदानावर टर्फ होणार, हे मला आप्पासाहेबांनी चहा पिता पिता सांगितलं. आप्पासाहेब संस्थेचे अध्यक्ष. मुकुंदवाडीत एवढी मोकळी जागा दुसरी नाही, हिरवं गवत अंथरून वर जाळी ठोकायची अन् क्रिकेटवाल्यांना तासावर द्यायची, असा त्यांचा बेत. मी तिथं वीस वर्षं खो-खो शिकवते. माझं डोकंच फिरलं.

"सुलेखाबाई, अकरा वर्षांत एक कप नाही आणला तुम्ही," ते म्हणाले. "औंदा जिल्हा जिंका, मैदान तुमचं. नाय तर मला अडवू नका."

"जिंकून दाखवते," मी म्हणाले. म्हणाले खरी, पण आमच्या पोरी मिनिटभर पळाल्या की धापा टाकायच्या.

मग मी गुलमंडीतून टायमर आणला. काडेपेटीएवढी डबी, पण आवाज असा की शेजारच्या गल्लीतली कुत्री भुंकायची. चाळीस सेकंद जीव तोडून पळायचं, लांब आवाज आला की थांबायचं. वीस सेकंद विश्रांती, दोन छोटे आवाज झाले की पुन्हा पळ. असे आधी आठ राउंड, मग बारा, मग सोळा.

"बाई, लई दम लागतोय," रूपा म्हणायची. ही आमच्या संघातली. बाप कंपनीत कामाला, गाव वैजापूरकडं, अंगानं काडी.

"दम लागतोय म्हणजे जिवंत आहेस. पळ!"

महिन्याभरात पोरी त्या डबीच्या इतक्या आहारी गेल्या की आवाज आला रे आला, पाय जागच्या जागी. मला कोण अभिमान! शिस्त म्हणतात ती हीच, असं मी स्टाफरूममध्ये चारचौघींना ऐकवलंसुद्धा.

त्याच दमावर आम्ही जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. पहिल्या डावात आधी आमचं आक्रमण झालं, बरं झालं. मग आमची पळायची पाळी. मधल्या वेळात पोरींचं अंग थंड पडू नये म्हणून मी टायमर लावून त्यांना बाजूला पळवलं. तेवढ्यात पंचांची शिट्टी झाली. मी घाईघाईनं डबी पिशवीत टाकली, बंद न करता.

रूपा, तनुजा, मृण्मयी अशा तिघी मैदानात उतरल्या. छान हुलकावण्या देत होत्या. अन् पिशवीतून लांब आवाज आला.

तिघीही थांबल्या! तनुजा कमरेवर हात ठेवून उभी, मृण्मयी गुडघ्यांवर हात टेकून वाकलेली. समोरच्या संघाला आधी खरंच वाटेना. मग त्यांनी एकीला अन् लगेच दुसरीला बाद केलं. रूपा भानावर आली ती नशिबानं. मी पिशवीवर झेप घेऊन डबी बंद केली तेव्हा अख्खं मैदान हसत होतं, अन् आप्पासाहेब सगळ्यांत मोठ्यानं.

मध्यंतराला आम्ही दोन गुणांनी मागं. मला मान वर करवेना.

"चूक माझी आहे, पोरींनो," मी म्हणाले. "थांबायचंसुद्धा मीच शिकवलं तुम्हाला."

तनुजा रडत होती. रूपानं रुमालानं तिचं तोंड पुसलं. "बाई, सोळा राउंड पळतो ना आपण? मग पाय तर आपलेच हायेत. आता फक्त थांबायचं नाय."

दुसऱ्या डावात पोरींनी आक्रमणात नुसता धुरळा उडवला. समोरच्या पोरी दमल्या होत्या, आमच्या नव्हत्या. शेवटची पाळी त्यांच्या आक्रमणाची. दीड मिनिट उरलं तेव्हा आम्ही एका गुणानं पुढं होतो आणि आमच्याकडून मैदानात एकटी रूपा. ती बाद झाली तर बरोबरी, अन् तिच्यामागं उतरणारी तुकडी अगदी कच्ची. म्हणजे जे काही होतं ते रूपाच्या पायांत होतं.

ती खांबाला वळसा घालून बसलेल्या पोरींच्या साखळीत शिरली. समोरच्या पोरी पटापट खो देत होत्या, ती प्रत्येकीच्या हातातून निसटत होती. मी तोंडातल्या तोंडात आकडे मोजत होते. चाळीसला तिचे खांदे सैल पडलेले मला स्पष्ट दिसले. सवय ती! पाठलाग करणारीनं सूर मारला.

"पुढचा राउंड!" रूपा स्वतःवरच खेकसली अन् अंग चोरून अशी वळली की ती पोरगी रिकाम्या मातीवर आपटली.

तिथून पुढं कुणी तिला शिवू शकलं नाही. बाकावरच्या पोरी ओरडत होत्या, मीही ओरडत होते, काय ते देवाला ठाऊक. शेवटची शिट्टी झाली तरी रूपा पळतच राहिली. तिघींनी धरून थांबवली तिला. मी भर मैदानात रडले अन् मला त्याची काडीची लाज वाटली नाही.

आप्पासाहेब हार घेऊन आले. "वा, बाई! नाक राखलंत शाळेचं."

"टर्फवाल्याला फोन लावा," मी म्हणाले.

"लावतो की. उद्या सकाळी..."

"आत्ता. आणि स्पीकरवर."

मातीनं माखलेल्या बारा पोरी त्यांच्याभोवती गोल करून उभ्या राहिल्या. आप्पासाहेबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा पोरींच्या हातातल्या कपाकडं, आणि फोन लावला.

"मैदान मिळणार नाय," ते म्हणाले. पलीकडून त्यानं कारण विचारलं. आप्पासाहेबांनी फोन रूपापुढं धरला.

"आमची प्रॅक्टिस असते तिथं," रूपा म्हणाली.