सहावा दगड

रस्ते कचेरीत तिला सगळे इंजिनीअरबाई म्हणत. तिने आखलेला सायकलमार्ग बावन्न किलोमीटरचा होता आणि त्यात मोटारीला शिरायला बोटभरही जागा नव्हती. निदान गुरुवारी दुपारपर्यंत तरी तिची तशी समजूत होती.

खरं तर रस्ता तिचा नव्हताच, युद्धाचा होता. सत्तर वर्षांपूर्वी नदीवरचा लोखंडी पूल राखणाऱ्या सैनिकांना धान्य आणि दारूगोळा पोचवायला गावोगावच्या बायाबापड्यांनी ही वाट काढली. खाली हाताने दगड रचले, वर मुरूम टाकून ठोकला, आणि विमानातून दिसू नये म्हणून सगळी वाट झाडांखालून नेली. युद्ध संपलं, डांबरी रस्ता आला आणि ही वाट लोक विसरले. इंजिनीअरबाई मात्र दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी जाड टायरची सायकल घेऊन तिच्यामागे लागली होती. वाटेत खंदक होते, तोफांचे चौथरे होते, गवतात बुडालेली पहाऱ्याची खोली होती. उन्हापावसात एवढी वर्षं काढूनही मुरूम कुठे खचला नव्हता. हल्ली आपण बांधतो ते रस्ते दोन पावसाळे तरी टिकतात का, असं ती जेवताना विचारायची, आणि तिचे सासरे गालात हसायचे. सासरे म्हणजे जुने मैलकुली. रस्त्याच्या डागडुजीत त्यांची अडतीस वर्षं गेली होती.

सोमवारी तपासणीला मोठे साहेब येणार होते. अट एकच होती, मार्गाचा एक मीटरही मोटाररस्त्यावरून जाता कामा नये. गेला तर मार्ग नामंजूर, आणि मग ही वाट खाणवाल्यांच्या डंपरना द्यायची हे वर ठरल्यातच जमा होतं. दोन महिन्यांत डंपर त्या मुरमाची काय गत करतील हे तिला डोळ्यांपुढे दिसत होतं.

वाटेवर दगड सहा होते. प्रत्येकाच्या माथ्यावर बाण कोरलेला. पाच दगडांवर शेवाळ चढलेलं, पण फाट्यावरचा सहावा चुन्याने पांढराशुभ्र. दरवर्षी सासरेच त्याला चुना लावायचे, निवृत्त झाल्यावरही. त्याचा बाण डावीकडे होता, ‘पूल ३’. मोजणीचं काम करणारा माणूस एक वेळ बायकोवर विश्वास ठेवणार नाही, पण सरकारी दगडावर ठेवतो. शिवाय तिने घरी सहज विचारलंही होतं, "बाबा, फाट्यावरून पुलाला डावीकडेच ना?" सासऱ्यांनी भाकरीचा घास न थांबवता डावीकडे बोट केलं होतं. झालं. पुढचे तीन किलोमीटर तिने सायकल न चालवताच नकाशात ओढले.

गुरुवारी ती पहिल्यांदा त्या अंगाने गेली. दोन किलोमीटरवर वाट खाणीच्या चिखलात संपली आणि पलीकडे डंपरचा रस्ता घोंघावत होता. पूल तिथून आणखी तीन किलोमीटर, सगळे त्या रस्त्याने. तिने कपाळाला हात लावला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "साहेबांना विनंती करून बघ." सासऱ्यांनी ताटातलं संपवलं, हात धुतले आणि ते अंगणात जाऊन आपल्या जुन्या सायकलच्या चाकांत हवा भरत बसले.

सकाळी ते कोयता कमरेला खोचून दारात उभे होते. "चल," म्हणाले.

एकोणऐंशी वर्षांचा माणूस फाट्यापर्यंत चौदा किलोमीटर एकदाही न उतरता गेला. तिथे मात्र ते उजवीकडे वळले, जिथे नुसतं झुडूप होतं. कोयत्याने चार फांद्या तोडल्या, पायाने पाला बाजूला केला आणि सायकल आत ढकलली. चाकाखाली आवाज बदलला. तो चरचर आवाज सुनेने झोपेतही ओळखला असता. खाली दगडांचा थर होता, वर ठोकलेला मुरूम.

ती सायकल टाकून गुडघ्यांवर बसली, मुरमावर हात फिरवला. मग उठली आणि तिचा आवाज चढला.

"बाबा, तुम्हाला ठाऊक होतं. मी विचारलं तेव्हा डावीकडे बोट केलंत. माझ्याशीही खोटं?"

"पुलाची वाट विचारली की डावीकडं बोट करायचं. आईनं शिकवलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो," सासरे म्हणाले. "हात आपोआप जातो गं. तुला मी फसवलं नाही, माझ्या हातानं फसवलं."

तिथेच पाल्यावर बसून त्यांनी सांगितलं. त्यांची आई या वाटेवर मैलकुली होती. शत्रू जवळ आला तेव्हा कचेरीतून लेखी हुकूम आला, पाच दगड फिरवा. तिने पहारीने पाचही फिरवले. दुसऱ्या दिवशी कचेरीचा तरुण इंजिनीअर सायकलवरून धापा टाकत आला आणि म्हणाला, सहावाही फिरवा, कागद मागून पाठवतो. तिने एकटीने फिरवला. चार दिवसांनी शत्रूचे ट्रक फाट्यावर आले, बाण बघून डावीकडे वळले आणि खाणीच्या चिखलात आसापर्यंत रुतले. पूल वाचला. पण इंजिनीअर त्याच आठवड्यात पुलावर मारला गेला, आणि कागद काही आला नाही.

"युद्ध संपल्यावर दगड सरळ करायचा हुकूम आला. पाचच दगडांचा," सासरे म्हणाले. "आईनं पाच केले. सहाव्यासाठी अर्ज दिला. कचेरीनं कळवलं, आमच्या दप्तरी सहावा दगड फिरवलेलाच नाही, तो सरळच आहे. सरळ दगड सरळ करायचा हुकूम कसा काढणार?"

सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. इथे सत्तर वर्षं झाली होती.

"मग स्वतःच का नाही फिरवला?"

"ज्या खुर्चीनं फिरवायला सांगितलं, तिनंच सरळ करायला सांगावं, असं आई म्हणायची. आपण होऊन फिरवला तर तिला कुणी सांगितलंच नव्हतं असं होईल. त्या पोराचा शब्द खोटा पडेल."

"आणि मी सहा वर्षं त्याच खुर्चीवर बसते, बाबा. मला कधी बोलला नाहीत."

"घरच्या माणसाकडं कचेरीचं काम मागायचं नसतं."

सुनेला हसू आलं आणि रडूही. या म्हाताऱ्याचा तिला इतका अभिमान वाटला की राग कुठे गेला ते कळलं नाही. आणि जिला तिने कधी पाहिलं नव्हतं त्या आजेसासूचा तर त्याहूनही जास्त. दोन वर्षं ती जिच्या हातच्या मुरमावर सायकल चालवत होती, ती बाई घरातलीच निघाली होती.

त्याच दुपारी तिने कचेरीत बसून हुकूम लिहिला. ‘युद्धकाळात या कार्यालयाच्या तोंडी हुकमाने फिरवलेला दगड क्रमांक सहा मूळ दिशेस करावा.’ खाली सही, शिक्का, आणि कामगाराने काम पूर्ण करून भरायचा रकाना. घरी येऊन कागद सासऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी उभं राहूनच तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"जावक नंबर कुठाय?"

"वर, उजव्या कोपऱ्यात."

"हां," ते म्हणाले, आणि कागद घडी करून खिशात ठेवला. रात्री ते दोन भाकरी जास्त जेवले.

शनिवार-रविवार नुसती धांदल. कचेरीचे चार मैलकुली आले, सासऱ्यांच्या जोडीचे दोन निवृत्त म्हातारे बोलावल्याशिवाय आले, आणि झुडपं हटली. आत वाट जशीच्या तशी होती, पुलापर्यंत. दगडाला मात्र सासऱ्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. आईची पहार घेऊन त्यांनी एकट्याने, थांबत थांबत, तासाभरात तो वळवला. सून शेजारी उभी राहिली. मदत करू का, असं तिने दोनदा विचारलं आणि दोनदा बोलणी खाल्ली.

सोमवारी साहेब आले. मितभाषी माणूस, सायकल मात्र झकास चालवली. खंदकापाशी उतरून खाली डोकावले, पहाऱ्याच्या खोलीत जाऊन आले, आणि फाट्यावर उजवीकडे वळून लोखंडी पुलापर्यंत एकही मोटार न बघता पोचले. परत फाट्याशी आल्यावर म्हणाले, "असा रस्ता मी पाहिलेला नाही. डंपरवाल्यांना मी कळवतो. या दगडाचे कागद तेवढे दाखवा."

सासरे चुन्याची बादली घेऊन दगडाजवळच होते. त्यांनी खिशातली घडी काढून दिली. साहेबांनी हुकूम वाचला, मग खालचा रकाना. काम पूर्ण. कामगाराचं नाव. तिथे सासऱ्यांच्या ओबडधोबड अक्षरात एका बाईचं नाव होतं. सुनेने ते आत्ताच पाहिलं. तिच्या आजेसासूचं.

"या बाई कुठे आहेत? भेटायला आवडेल मला," साहेब म्हणाले.

सून सासऱ्यांकडे बघायला लागली.

"आई माझी. तिला जाऊन तीस वर्षं झाली, साहेब," सासरे म्हणाले. "पण काम तिचं होतं. तिची हजेरी तेवढी लागू द्या."

साहेबांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून दगडावर ठेवलं, कागद त्याच्याच शेजारी पसरला आणि नावापुढे सही केली.