नऊ नंबरची फळी

पट्ट्यावर त्याने आठ वर्षं घालवली होती, आणि त्या आठ वर्षांत त्याच्या पदरात पडलं काय, तर एक टोपणनाव. पोटरीला बांधायचा, दर वीस सेकंदांनी आवळणारा आणि सैल होणारा पट्टा बनवणारा इंजिनीयर म्हणून अख्खी इमारत त्याला ‘पट्टेवाले’ म्हणायची. एकदा एका नव्या कारकुनाने खरोखरच त्याच्या हातात फाइल देऊन ती साहेबांच्या टेबलावर ठेवायला सांगितली होती. त्याने ती ठेवलीही. भांडत कोण बसणार?

पट्टा होता लांबच्या अवकाशप्रवासासाठी. वजन नसलं की माणसाच्या पायांना काम उरत नाही, आणि बिनकामाचे पाय फार लवकर सुकतात. दीड वर्ष यानात तरंगून आलेला माणूस परत जमिनीवर उभा राहायला हवा, म्हणून हा सगळा खटाटोप. तो जमिनीवरच तपासून घ्यायचा म्हणून या इमारतीत बारा खाटा मांडल्या होत्या, डोक्याच्या बाजूला सहा अंश उतरत्या. त्यांवर बारा धडधाकट माणसांनी साठ दिवस पडून राहायचं. जेवण आडवं, आंघोळ आडवी, बाकीचंही सगळं आडवंच. एक तरी खांदा कायम गादीला टेकलेला हवा. असं केलं की रक्त डोक्याकडे उतरतं, तोंड सुजतं, पाय बारीक होतात, म्हणजे वर जे होतं तेच खाली होतं. सहा जणांना पट्टा, सहा जणांना काही नाही. फरक दिसला तर पट्टा यानात जाणार. नाही दिसला तर कपाटात.

एकावन्नाव्या दिवशी स्कॅनचे आकडे आले. पट्टा लावलेल्या सहा जणांच्या पोटऱ्या सरासरी शेकडा अकरा घटल्या होत्या. न लावलेल्यांपैकी पाच जणांच्या अठरा. हे वाचून खुर्चीतून उठून नाचावं असं त्याला वाटलं. मग त्याला नऊ नंबरचा आकडा दिसला. फक्त चार. ज्याला पट्टा लावलाच नव्हता त्याचे पाय सगळ्यांत ठणठणीत होते! एवढ्याशा गटात असा एक निघाला की सगळं गणित झोपतं. पट्ट्याने खरंच काही होतं असं छातीठोकपणे म्हणता येईना, आणि निवड समितीची बैठक शुक्रवारी होती.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. त्या इमारतीत तिला उतारही होता.

“हा माणूस उठतो,” तो सिस्टरला म्हणाला. सिस्टर म्हणजे वॉर्डच्या मुख्य नर्स, गेली वीस वर्षं आजाऱ्यांना उठवण्यात गेलेल्या आणि आता धडधाकट माणसांना झोपवून ठेवण्यात मेटाकुटीला आलेल्या बाई. “कोणाची नजर चुकवून उठतो आणि फेऱ्या मारतो. दुसरं काही असूच शकत नाही.”

“माझ्या वॉर्डात?” सिस्टर म्हणाल्या. “पट्टेवाले, इथे माणसाने मान उचलली तरी मला कळतं. आणि मास्टर तसे नाहीत हो. बाराही जणांत तेच एक गुणी. ते तीन नंबरवाले रोज उशीसाठी भांडतात, सात नंबरवाल्यांना बायकोची आठवण येते. मास्टर आपले पडलेले असतात. फक्त त्यांच्या पायाकडची ती फळी तेवढी वाजते.”

“ती मी ठीक केलीय.”

“दोनदा केलीत. परत वाजतेय.”

ती फळी म्हणजे त्याच्या डोक्याला वेगळाच ताप होता. मास्टर म्हणजे नऊ नंबरचे गृहस्थ, पेशाने शिंपी, अंगाने उंच. खांदे गादीला टेकलेले असताना पायाकडच्या फळीपर्यंत बारा जणांत त्यांचेच काय ते तळवे पोचायचे. अकराव्या दिवसापासून ती फळी कुरकुरत होती. दुरुस्तीवाल्याला तीन चिठ्ठ्या गेल्या, तो काही आला नाही. शेवटी आवाजाने शेजारचे दोघे झोपेनात, म्हणून पट्टेवाल्याने स्वतःच पाना घेऊन स्क्रू आवळले. चार दिवसांत ते परत सैल. मग वैतागून त्याने टाकाऊ रबराचे दोन जाड तुकडे कापले, फळीच्या मागे ठोकून बसवले आणि हात झटकले. दहा मिनिटांचं काम. घरी मात्र मोरीच्या दाराची कडी आठ महिने सुटलेली होती, हे त्याच्या बायकोने त्याला त्याच दिवशी योगायोगाने ऐकवलं होतं.

दोन दिवस तो कॅमेऱ्याचं चित्रण पाहत बसला. पन्नास दिवसांचं, पळवत पळवत. मास्टर जेवतात. मास्टर छताकडे बघतात. मास्टर कूस बदलतात, पण काय बिशाद खांदा सुटेल! पायांवर पांघरूण, चेहऱ्यावर समाधान. तीन नंबरवाला चार वेळा कोपरावर उठलेला सापडला. त्याच्या पायाला तर पट्टा होता, म्हणजे त्याची तक्रार केली तर पट्ट्याचाच एक माणूस बाद. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात तसं आपलं चाललंय, असं त्याच्या मनात येऊ लागलं, आणि त्यामुळे तो जास्तच चिडला.

त्रेपन्नाव्या दिवशी दुपारी तो खुर्ची ओढून सरळ नऊ नंबरच्या खाटेशी जाऊन बसला.

“या, बसा,” मास्टर म्हणाले. सुजलेल्या तोंडामुळे ते सतत नुकतेच झोपेतून उठल्यासारखे दिसायचे. “तुमच्या पँटची उजवी दुमड उसवलीय.”

“माहीत आहे.” बायकोने तिथे सेफ्टीपिन लावून दिली होती आणि वर म्हणाली होती, शिवायला वेळ तुलाही नाही आणि मलाही नाही. “मास्टर, खरं सांगा. तुम्ही उठता का?”

“कशाला उठू?”

“पाय मोकळे करायला.”

“अहो, शब्द दिलाय ना. मुलाने दुकानात विजेची मशीनं आणली आणि मला म्हणाला, बाबा, आता आराम करा. म्हटलं करायचाच आराम तर कोणाच्या तरी कामाचा करू. म्हणून आलो. आता साठ दिवसांचे एकोणसाठ केले तर घरी तोंड काय दाखवू?”

“मग तुमचे पाय सुकत का नाहीत?” त्याचा आवाज चढला. सात नंबरवाल्याने मान वळवून पाहिलं. “बाकी सगळ्यांचे सुकले. तुम्हालाच काय धाड भरलीय?”

“आता पाय सुकले नाहीत यातही माझीच चूक?” मास्टर शांतपणे म्हणाले. “मी इथे वेळ कसा काढतो सांगू? रोज एक कोट शिवतो. मनातल्या मनात. सकाळी कापड बेततो, दुपारी शिवायला घेतो. आज त्रेपन्नावा. गिऱ्हाईक जरा पोट सुटलेलं आहे, त्यामुळे बाजूंना कापड जास्त सोडावं लागलं. बघा, आता डावी बाही जोडतोय.”

ते गप्प झाले. डोळे अर्धवट मिटले, दोन्ही हात छातीवर किंचित पुढे सरकले, नसलेलं कापड सुईखाली ढकलत. आणि फळी वाजायला लागली.

कुरकुर, कुरकुर, कुरकुर. मग थांबली. मास्टरांनी नसलेलं कापड फिरवून घेतलं. परत कुरकुर.

पट्टेवाल्याने उठून त्यांच्या पायांवरचं पांघरूण उचललं. दोन्ही तळवे फळीला टेकलेले होते आणि चालत होते. टाच दबली की चवडा वर, चवडा दबला की टाच वर, चाळीस वर्षांच्या सवयीने. प्रत्येक दाबासरशी फळी बोटभर मागे जायची आणि परत पुढे यायची. तिला परत ढकलत होते त्याचे रबराचे दोन तुकडे.

“मास्टर, हे काय चाललंय?”

मास्टरांनी डोळे उघडले. “काय?”

“तुमचे पाय!”

“ते होय.” त्यांनी खरंच विचार केला. “ते काही मी करत नाही. ते पायांचं पाय करतात. पायमशीनवर बसलेल्या माणसाला पायडल मारायला कधी सांगावं लागतं का? आधी फळी फार कडक होती, कामाला मजा नव्हती. मग तुम्ही येऊन काय केलंत कोण जाणे, छान चालायला लागली.”

पट्टेवाल्याने कपाळाला हात लावला. तो तिथेच खुर्चीत बसला. आठ वर्षं ज्याच्यामागे धावला ते त्याने स्वतःच्या हाताने, शिव्या घालत, दहा मिनिटांत भंगारातून बनवलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण कळसा काखेत आहे म्हणून कटकट करणारा माणूस बहुधा हा पहिलाच.

डॉक्टरबाई सगळ्या चाचणीच्या प्रमुख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खणातून एक फॉर्म काढला. “सोपं आहे. पडून असताना पायांचा व्यायाम केला तर त्या माणसाची नोंद बाद करायची, असा नियम आहे. नकळत केला तरी. नऊ नंबर बाद, आकडे सरळ, तुमचा पट्टा शुक्रवारी पास. इथे सही करा.”

“आणि कारण?”

“‘नियमभंग’ एवढं लिहा. रकाना एका शब्दाचाच आहे.”

त्याने पेन हातात घेतलं. यात खोटं काहीच नव्हतं. नियम होता, तो मोडला होता. एका शब्दाने मास्टर कागदावरून जाणार होते आणि त्यांच्यामागून फळीही. मग यानातली सहा माणसं त्याचा पट्टा बांधून दीड वर्षासाठी जाणार होती. साठ दिवसांत शेकडा अकरा गेले, तर दीड वर्षात काय उरेल? हा हिशोब आजवर त्याने मुद्दाम केला नव्हता. अठरापेक्षा अकरा बरे, दगडापेक्षा वीट मऊ, असं म्हणत तो आठ वर्षं स्वतःची समजूत घालत आला होता. पण आता त्याने चार पाहिले होते. पाहिलेलं न पाहिल्यासारखं करता येईना, आणि त्याला या गोष्टीचा इतका राग आला की पेनाचं टोपण त्याच्या हातात मोडलं.

त्याने रकान्यात लिहिलं, ‘मागे पाहा’. मग फॉर्म उलटा केला आणि मागची पूर्ण बाजू भरली. फळीची जाडी, रबराची जाडी, फळी किती बोटं मागे जाते, मास्टर दिवसाचे साधारण किती तास शिवतात. शेवटी लिहिलं, ‘पट्ट्यापेक्षा हे बरं दिसतं. आधी हे तपासावं.’ आणि खाली सही केली.

डॉक्टरबाईंनी वाचलं. “अहो, स्वतःच्या पायावर असा धोंडा कोण पाडून घेतं? शुक्रवार तुमचा होता.”

“मला माहीत आहे.”

“आठ वर्षं!”

“तेही माहीत आहे हो!” तो ओरडला. एवढ्या वर्षांत डॉक्टरबाईंवर ओरडायची त्याची ही पहिलीच वेळ होती. त्याला वाईट वाटलं, पण माफी मागायचं त्राण नव्हतं.

शुक्रवारी समितीने पट्टा बाजूला ठेवला आणि फळीची वेगळी चाचणी घ्यायला सांगितलं. त्या संध्याकाळी त्याने घरी जाऊन मोरीची कडी बसवली. बायकोने विचारलं, काय झालं? तो म्हणाला, काही नाही, आणि मग स्टुलावर बसून तिला सगळं सांगितलं. तिने त्याच्या हातातला पाना तेवढा काढून घेतला.

साठाव्या दिवशी बारा जणांना उभं करायचं होतं. वॉर्डात दोन दोन माणसं धरायला तयार होती. तीन नंबरवाल्याच्या पोटरीवर पट्ट्याचा वळ अजून होता. तो उभा राहिला, दुसऱ्याच मिनिटाला पांढरा पडला आणि सिस्टरांनी त्याला अलगद खाली बसवलं. एकामागून एक तसेच. पट्टेवाला भिंतीशी उभा राहून प्रत्येकाची वेळ लिहीत होता. चार मिनिटं, तीन, साडेचार.

मग मास्टर उठले. डोलले, डोळे घट्ट मिटले, सिस्टरांचा हात घट्ट धरला. पाचव्या मिनिटाला त्यांनी तो सोडला. नवव्या मिनिटाला एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि ते पट्टेवाल्यासमोर येऊन थांबले. इतक्या दिवसांनी उभ्याने पाहिल्यावर ते चांगले डोकंभर उंच निघाले.

“सिस्टर म्हणाल्या, माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं,” ते हळू आवाजात म्हणाले.

“तुमच्यामुळे नाही,” तो म्हणाला. “जाऊ द्या. त्रास होतोय का कुठे?”

“नाही.” मास्टरांनी खाली पाहिलं. सेफ्टीपिन तिथेच होती. “पँट तेवढी दुकानात पाठवा, मी दुमड घालून देतो. आणि एक सांगू? राग मानू नका.”

“बोला.”

“वरच्या माणसांसाठी फळी कराल ना, तेव्हा रबर जरा कडक घ्या. मला शेवटी शेवटी ते मऊ पडत होतं.”

आठ वर्षं! पट्टेवाल्याने एक लांब श्वास सोडला, वेळांचा कागद उलटा केला आणि भिंतीवर धरून मागच्या बाजूला लिहिलं, ‘रबर कडक.’

“किती कडक?” त्याने वैतागून विचारलं. “नीट सांगा.”