लेकीचे तीन तास

विमानतळावर त्यांना सगळे पट्टेवाले म्हणत. साहेबाच्या दाराशी स्टुलावर बसणारे नव्हेत. मालवाहू विमानातलं ओझं पट्ट्यांनी आवळून बांधणारे. कुठलं खोकं पुढे, कुठलं मागे, कशाला किती पट्टे, हे ठरवायचं आणि मालासोबतच उडायचं, अशी तीस वर्षांची नोकरी. गमतीने पडलेलं नाव अंगाला चिकटलं होतं. घरी हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती.

ती गेली तेव्हा ते एका लांबच्या फेरीवर होते. घरी पोचले ते सगळं आटोपल्यावर. लेक भांडली नाही, रडली नाही. तिने बोलणंच टाकलं. पुढे ती परदेशी नोकरीला निघून गेली.

मंगळवारी तिचा निरोप आला. ‘गुरुवारी मला वाटेत विमान बदलायचं आहे. तुमची फेरी जाते त्याच विमानतळावर. बारा ते तीन मोकळी आहे. जमलं तर या.’

त्यांची फेरी साडेअकराला पोचायची होती. त्यांनी ‘नक्की येतो’ असं लिहिलं, ‘नक्की’ खोडलं, पुन्हा लिहिलं आणि पाठवून दिलं. निळ्या सदऱ्याला इस्त्री केली. तिला काय विचारायचं तेही मनात घोळवून ठेवलं. पण दोन प्रश्नांपुढे काही सुचेना.

गुरुवारी सकाळी शेवटचं खोकं चढलं. आत छापखान्याचं यंत्र, साडेतीन टन. मुख्य माल तोच, बाकीचं किरकोळ.

“बारा पट्टे, बाराच्या बारा. मोजून घ्या,” गोदामाचा मुकादम म्हणाला आणि त्याने सहीचा कागद पुढे केला.

पट्टे बारा होते आणि चांगले ताणलेले होते. सवयीने त्यांनी एक पट्टा अजून जरासा आवळला. आतून कर्र असा आवाज आला. लाकडाचा नव्हे, लोखंडाचा. त्यांनी खोक्याला कान लावला आणि दोघा हमालांना ते खांद्याने रेटायला सांगितलं. पुन्हा तोच आवाज.

“आतलं यंत्र सरकतंय.”

“खोकं तर हलत नाही ना?”

“खोकं आपण बांधलं. आतल्याला कुणी बांधलंय?”

“दुधाने पोळलेले ताक फुंकून पितात, पट्टेवाले. तुम्ही पाणीसुद्धा फुंकताय. कारखान्यातून बंद होऊन आलंय. सही करा नि मोकळे व्हा.”

वैमानिक खाली उतरून आला. “किती वेळ लागेल?”

“उतरवायचं, उघडायचं, बांधायचं, परत चढवायचं. तीन तास धरा.”

“मागे ठेवून गेलो तर?”

“याच्यासाठीच तर फेरी आहे,” मुकादम म्हणाला.

वैमानिकाने पट्टेवाल्यांकडे पाहिलं. “निर्णय तुमचा.”

पेन त्यांच्या हातात होतं. तीन तास. नेमके तेवढेच तिच्यापाशी होते. यंत्र कदाचित बोटभर सरकून थांबलं असतं. कदाचित विमानाने नाक वर केल्याबरोबर साडेतीन टन लोखंड फळ्या फोडून शेपटीकडे घरंगळलं असतं, आणि मग वैमानिकाच्या हाती काहीच उरलं नसतं. त्यांनी पेन खिशाला लावलं.

“उतरवा.”

खोकं उघडलं. यंत्र चार बोल्टांवर बसवलेलं होतं. त्यातल्या दोनांना नटच नव्हते. तिसऱ्याचा नट बोटांनी फिरत होता. मुकादम गेला आणि स्वतःच पाना घेऊन आला.

काम चालू असताना त्यांनी लेकीला कळवलं, ‘उशीर होतोय.’ निरोप वाचल्याची खूण उमटली. उत्तर आलं नाही.

विमान टेकलं तेव्हा तीनला दहा मिनिटं कमी होती. ओळखपत्र दाखवत, जिने चढत, पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांनी जमेल तेवढं धावत ते तिचं विमान सुटायच्या दारापाशी पोचले. तीन वाजून सात मिनिटं. रांग संपली होती. काचेपलीकडे विमान उभं होतं. खिडक्या एवढ्याएवढ्याशा, कुठल्या खिडकीत ती होती ते कळेना.

त्यांनी फोन लावला. तिने उचलला.

“बाबा, मी आत बसले.”

“हो. समोरच उभा आहे मी.”

“आईच्या वेळीही असंच.”

ते म्हणाले, “एक यंत्र आतून सुटं होतं. मी सोडलं असतं तर…”

“बांधलंत का?”

“बांधलं.”

पलीकडून विमानातली सूचना ऐकू येत होती.

“ठेवते,” ती म्हणाली. आवाज चिडलेला नव्हता. दमलेला होता.

विमान मागे सरकलं, वळलं आणि दिसेनासं झालं. त्यांनी उपाहारगृहात चहा घेतला आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. जवळच एक मोठं कुटुंब जागा शोधत होतं.

“ही खुर्ची घेऊ का?” त्यातल्या बाईने विचारलं. “कुणी येणारंय?”

“नाही. घ्या.”

चहा संपवून ते विमानापाशी परतले. माल उतरवण्याच्या कागदावर त्यांची सही हवी होती.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत त्यांनी फोन पाहिला. तिने तिच्या नव्या घराचा पत्ता पाठवला होता, मजल्यासकट. बाकी एक शब्द नाही. त्यांनी तो वहीत उतरवून घेतला, आकडे दोनदा ताडून पाहिले, आणि इस्त्रीचा सदरा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.