माहेरची न्हाणी

राजसबाईंच्या तोंडून दिवसाकाठी एकदाच 'अहो' निघे, आणि तेही न्हाणीघरात. एरवी अण्णा नगरच्या त्या फ्लॅटमध्ये आपण कोण, हे घर कुणाचं, काही म्हणता काही त्यांना उमजत नसे. समोर बसलेल्या नवऱ्याकडे त्या भिंतीकडे पाहावं तसं पाहत. पण एकोजीरावांनी डोक्यावरून ऊन पाणी ओतलं की डोळे मिटून म्हणत, "अहो, पुरे म्हटलें ना." त्या एका 'अहो'वर एकोजीराव उरलेला दिवस काढत.

अडचण होती ती आत नेण्याची. पांढऱ्याफेक टाइल्स, भिंतीतून अंगावर येणारा शॉवर, आणि आरशातली ती अनोळखी म्हातारी. बाई दाराची चौकट धरून रडत. उभ्या संसारात जिला कधी दरडावलं नाही, तिला रोज ओढून न्यायचं. एकोजीरावांना स्वतःचीच शिसारी येई.

मग त्यांच्या डोक्यात आलं की बाईंना माहेरची न्हाणी करून द्यावी. तंजावरच्या त्या न्हाणीचं कौतुक त्यांनी बायकोकडून इतकं ऐकलं होतं की कोनाडा कुठे आणि चौरंग कुठे हे त्यांना पाठ होतं. स्वतः मात्र ती त्यांनी धड पाहिली नव्हती. जावयाला आंघोळीचं पाणी परसदारी मिळे.

"अप्पा, धरायला दांडे लावूया, बस्स," सुष्मिता म्हणाली. मुलगी सॉफ्टवेअरमधली, तिला सगळ्यावर सोपा उपाय दिसे.

"दांडे ओळखीचे असतांत काय?" एकोजीराव म्हणाले, आणि हट्टाला पेटले.

रामस्वामी मेस्त्रीला त्यात वेडच दिसलं. लोक लाल कोब्याची जमीन फोडून टाइल्स लावतात, हे म्हातारे टाइल्स फोडून लाल जमीन मागतात, असं तो तमिळमध्ये साऱ्या बिल्डिंगला सांगत सुटला. पण घोटून घोटून जमीन त्याने आरशासारखी केली. कारैकुडीच्या जुन्या सामानाच्या बाजारातून पितळी घंगाळ आलं, तांब्याचा बंब आला, पितळी फुलं ठोकलेला सागवानी चौरंग आला. आरसा निघाला, शॉवर निघाला. कोनाड्यात शिकेकाईची वाटी बसली. शेजारपाजारचे येऊन पाहून गेले. हौसेला मोल नसतं, म्हणाले, आणि जिन्यात हसले.

एकोजीरावांना हसण्याचं काय पडलं होतं? भीती गेली की 'अहो' एकदाच का, दहादा येईल, एवढाच त्यांचा हिशोब.

आणि भीती गेली. राजसबाई दाराशी थबकल्या, मग आपल्या पायांनी आत गेल्या. घंगाळाच्या काठावरून हात फिरवला, चौरंगावर बसल्या आणि चक्क हसल्या. एकोजीरावांनी तांब्या भरला.

बाईंनी मान वर केली. पदर खांद्यावरून गच्च ओढून घेतला.

"कोण हो तुम्हीं? बायकांच्या न्हाणींत पुरुषमाणूस येतें काय? बाहेर व्हा."

आवाजात राग नव्हता, चांगल्या घरच्या पोरीची समज होती. तांब्या हातात धरून एकोजीराव बाहेर आले, आणि तेव्हा त्यांना कळलं. ती न्हाणी लग्नाआधीची होती. तिथे एकोजीराव नावाचा कुणी अजून आलाच नव्हता.

त्या दिवसापासून आंघोळ सुष्मिता घालू लागली. बाई तिला अक्का म्हणत, पाणी उडवत, गुणगुणत. रडणं असं राहिलंच नाही. 'अहो'ही राहिलं नाही, न्हाणीत नाही आणि घरात नाही.

"अप्पा, परत फोडूया का?" एकदा सुष्मिताने विचारलं.

एकोजीरावांच्या मनाने तत्काळ हो म्हटलं. त्या हावेची त्यांना लाज वाटली. "तींत तिला सुख आहे," ते म्हणाले. "असूं दे."

आता आंघोळीच्या वेळी ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात. दुसरं करण्यासारखं काही नाही. परवा दार थोडं उघडं राहिलं होतं. बाईंनी केस पुसता पुसता त्यांना पाहिलं आणि हळू आवाजात सुष्मिताला म्हणाल्या, "अक्का, ते म्हातारे केव्हांचे बसलेंत. त्यांस ताक दे आणि जाऊं दे. घरीं बायको वाट पाहात असेल."