बशी वाजली, देवी आली

रविवारी सकाळी वाशीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर चाळीस माणसं हातात चहाची भरलेली कपबशी धरून, श्वास रोखून उभी होती. म्हणजे दमेकऱ्यांना जमेल तितका रोखून.

पाण्याच्या टाकीखाली बसून बशीबुवा सांगत होते, "हिमालयातली सोमलता आहे या पुडीत, रोज चहातून घ्या. डॉक्टरच्या गोळ्यापण चालू ठेवा, देवीला कुणाचा हेवा नाय. बशी वाजली की समजा, देवी अंगात आली."

माझ्या आईची बशी अशी खडखडली की चहा थेट बुवांच्या धोतरावर. बायका आईच्या पाया पडल्या. आई मात्र आठवडाभर झोपली नव्हती.

"बुवा, छातीत घोडं धावतं हो."

"घोडं नाय माउली, वाघ हाय तो. देवीचं वाहन. उद्यापासून दोन पुड्या."

वरच्या मजल्यावरचे नंदकिशोरकाका रडकुंडीला आले होते. दमा त्यांनाही होता, पण बशी महिनाभर गप्प. "मी तर डॉक्टरची गोळी शिवतपण नाय. नुसती पुडी. तरी मीच पापी?"

मी कान टवकारले. मी घरोघर विचारत सुटले. बशी वाजणाऱ्या प्रत्येकाच्या घरी दम्याच्या गोळ्यांची बाटली होती. गप्प बशीवाल्यांकडे एकही नाही. म्हणजे देवी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय येत नव्हती.

पुडी, बाटली आणि आई, तिन्ही घेऊन मी दवाखाना गाठला. डॉक्टर अरुणाताईंनी आईची नाडी मोजली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सोमलतेनं श्वास मोकळा होतो, खरंय. पण ती हृदय पळवते, हात थरथरवते. जयमालाबाई, तुमची गोळीही तेच करते. वर तो कडक चहा. आणखी एक पुडी वाढली असती तर मी तुम्हाला इथं नाही, मोठ्या हॉस्पिटलात भेटले असते. पुडी आजपासून बंद. गोळी मी सांगेन तशी."

पुढच्या रविवारी आईची बशी गप्प. गच्ची हळहळली, "देवी गेली गं."

"गेली, आणि मला झोप लागली," आई म्हणाली.

मी कपबशी बुवांच्या हातात दिली. सोबत आलेल्या अरुणाताईंनी शांतपणे विचारलं, "एका पुडीत सोमलता किती, बुवा? कुणाला कुठली गोळी चालू आहे, कधी विचारलंत?"

बुवांची बशी खडखडू लागली.

"आली, आली," नंदकिशोरकाका हात जोडून म्हणाले.

ज्यांना अजून बशीवर भरवसा आहे, त्यांना माझं एकच सांगणं. झाडपाला असो, चूर्ण असो, नाहीतर टॉनिक, गोळीसोबत घेण्याआधी डॉक्टरला दाखवा. आणि हात थरथरला तर आधी नाडी मोजा. आरतीला घाई नाही.