रस्त्याचे सहा किलोमीटर

पर्यटन कार्यालयातल्या माझ्या टेबलावरून नदी दिसते. तेवढ्या भांडवलावर मी नदीचं माहितीपत्रक लिहिलं: ‘वरच्या पुलापासून खालच्या धक्क्यापर्यंत सहा किलोमीटर. संथ पाणी. नवख्यांनाही दीड तासात सहज.’ होडीत मी जन्मात बसलो नव्हतो. पण लिहायला काय जातं?

ते वाचून ताईने भावोजींना होडीतून फिरायला म्हणून घराबाहेर काढलं. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. आता डॉक्टरांनी हलक्या व्यायामाला परवानगी दिली होती, तीही जास्तीत जास्त दोन तास.

“दीड तास म्हणजे अगदी बसतंय बघ,” ताई म्हणाली. मीही मोठा जाणकार असल्यासारखं त्यांना वल्ही निवडून दिली. नऊला ते निघाले. फोन भिजतील म्हणून माझ्याकडे दिले आणि मी गाडीने धक्क्यावर जाऊन बसलो.

साडेदहा वाजले, अकरा झाले, बाराही वाजून गेले.

“इतक्यात कुठले येतात?” होड्या भाड्याने देणारा म्हातारा म्हणाला. “पंधरा किलोमीटर आहे.”

“पत्रकात तर सहा लिहिलंय.”

“सहा रस्त्याने! नदी काय रस्त्यावरून चालते?”

मी गाडीचं मीटर बघून आकडा ठोकला होता. नदी वळणं घेते हे शाळकरी पोरालाही कळतं. म्हाताऱ्याची मोटरबोट समोरच बांधलेली होती. पण ती काढायला सांगायची तर घाई कशाची, आणि चूक कोणाची, तेही सांगावं लागलं असतं. आता दिसतील, मग दिसतील, असं म्हणत मी अर्धा तास तोंड शिवून बसलो. त्या अर्ध्या तासाची मला अजून लाज वाटते.

पाऊण वाजता होडी दिसली. ताई एकटीच वल्हवत होती. भावोजी तळाशी आडवे पडले होते, चेहरा पांढराफटक. डोळे मात्र उघडे होते.

आम्ही त्यांना उचलून सावलीत आणलं. ताईच्या तळहातांवरचे फोड बघून म्हातारा भडकला. “तो कागद लिहिणारा सापडू दे मला एकदा!”

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी भावोजींना पाणी पाजत होतो.

“त्याचं काय चुकलं, काका? आम्हीच नवखे,” ती म्हणाली. “वेळ लावला आम्ही.”

“बघा, साहेब,” म्हातारा मला म्हणाला, “बाई बिचारी स्वतःवरच घेते.”

मी मान डोलावली.