तीन फोरनान उपाशी

देर्बालची एकुलती दुभती गाय राजाच्या फोरनान नावाच्या कारभाऱ्यानं ओढून नेली. राजाचा वाटा म्हणून खारवलेलं डुकराचं मांस देर्बाल आधीच पोचतं करून आली होती. पण "पोचलंच नाही" एवढं म्हणून तो मोकळा झाला. अशा वेळी गरिबाजवळ एकच हत्यार उरतं. ईस्टरच्या मेजवानीला ती राजवाड्याच्या दारात बसली आणि साक्षीदारांसमोर तिनं सांगून टाकलं की फोरनानवर माझं धरणं आहे. धरणं सुटेपर्यंत ती उपाशी, आणि ज्याच्यावर धरणं तोही उपाशी. मध्येच जेवला तर अब्रू गेली. पुढे पंचायतीत त्याच्या शब्दाला कुत्रंही विचारीत नाही.

तावातावात, कुठला फोरनान ते कळायला त्याच्या बापाचं नाव घ्यायचं राहिलं. आणि आत तर फोरनान तीन.

कारभारी एक. दुसरा राजाचा कवी, त्यानं तोंडाशी नेलेला मांडीचा तुकडा खाली ठेवला. तिसरा मठातला गुबगुबीत साधू. ईस्टरआधीचा लांबलचक उपास त्याचा नुकताच कुठे सुटला होता. बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

कारभारी बेरकी. कवीचं बायकांशी वागणं सगळ्यांना ठाऊक आहे, धरणं त्याच्यावरच असणार, असं म्हणत त्यानं ताटाकडे हात नेला.

"लाव हात," कवी गोडीत म्हणाला. "तुझ्यावर चार ओळी रचतो. उद्या तोंडावर फोड मोजत बस."

कवीनं निंदा रचली की तोंडावर फोड उठतात, असं सगळेच मानत. हात मागे आला.

मग साधूच बाहेर आला आणि तिच्यापुढे उकिडवा बसला. "माय, माझं काही चुकलं का?"

तेव्हा कुठे देर्बालच्या ध्यानात आला घोळ. तुमच्यावर नाही हो बाबा, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण एकटा कारभारी उपाशी राहिला असता तर त्यानं कोपऱ्यात जाऊन खुशाल हादडलं असतं. आता त्याच्यावर दोन भुकेले पहारेकरी होते.

"ज्याचं चुकलंय त्याला कळतंय," ती म्हणाली.

"आणि तोवर आम्ही?"

"तोवर मीही आहेच की उपाशी."

साधूनं मान हलवली. "गेलंय तरी काय तुझं?"

"गाय."

"असं होय," म्हणत साधू उठला. इतक्या चपळाईनं त्याला मठातही कुणी उठताना पाहिलं नसेल.

आत बराच गलका झाला. शाप, फोड, नरक, सगळं ऐकू आलं. मग गायीचं दावं धरून कारभारी स्वतः बाहेर आला. मागे दोघे, अगदी वरातीसारखे.

"घे, आणि सोड आता," तो पुटपुटला.

देर्बालनं आधी गायीची कास चाचपली. तटतटलेली होती. आधी दूध काढते, म्हणत ती दारातली बादली घेऊन खाली बसली. तीन मोठी माणसं मुकाट उभी राहिली. साधूनं तर दावंही धरलं. शेवटी तिनं बादलीतलाच एक घोट घेतला.

"जा, जेवा."

कवी पळाला. कारभारी आब राखायला सावकाश गेला. साधू तेवढा घुटमळला.

"कोमट आहे का गं?"

तिनं बादली त्याच्यापुढे केली.